जळक्या तेलावर जनरेटर: तेल कोरडं, तेल गरम, इंजिन लोडवर

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याजवळ पिरंगुटच्या बाजूला स्वतःचा बंगला आहे. मामांच्या फरसाणाच्या दुकानातून महिन्याला तीन डबे जळकं तेल मिळतं, ओळखीच्या गॅरेजमधून काळं इंजिन ऑइलही मिळेल. ५ एचपीचा जुना किर्लोस्कर वॉटर-कूल्ड डिझेल जनरेटर सेट घेऊन त्यावर घर चालवता येईल का, आणि विजेचं बिल बंद होईल का?

घर चालेल. बिल बंद होणार नाही. आणि काळं ऑइल या इंजिनात अजिबात घालायचं नाही. आता एकेक मुद्दा घेतो.

आधी हिशेब. तीन डबे म्हणजे ४५ लिटर. गाळ, पाणी आणि तळाचा साका गेला की हाती ३५-३६ लिटर चांगलं तेल राहतं. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट, अल्टरनेटरमधलं नुकसान वजा जाता जेमतेम ३ किलोवॅट वीज मिळते. असा जुना सेट पाऊण लोडवर एका लिटर खाद्यतेलात साधारण सव्वादोन युनिट देतो. वजनाच्या हिशेबानं खाद्यतेलात डिझेलपेक्षा १२-१३ टक्के उष्णता कमी असते, पण तेल जड असल्यामुळे लिटरमागचा फरक पाच टक्क्यांच्या आसपासच राहतो. म्हणजे महिन्याला ऐंशी युनिट. फ्रिज, गीझर आणि बोअरची मोटर असलेल्या घराला दोनशे सहज लागतात.

बिल कमी करायचं असेल तर छतावर सोलर घ्या. ३ किलोवॅटचा संच पुण्यात वर्षाच्या सरासरीनं दिवसाला १२ युनिटांच्या आसपास देतो, आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० रुपये अनुदान आहे. मात्र ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं, सोलर लाइट गेल्यावर स्वतःही बंद पडतं. पावसाळ्यात मुळशीकडे झाड पडून लाइन तुटली की तेलावरच्या सेटचा खरा उपयोग तिथे आहे. डिझेल ९० रुपये लिटर धरलं तर अशा सेटवर युनिट ३५-४० रुपयांना पडतं, त्यामुळे बॅकअपसाठी जळकं तेल वापरणं शहाणपणाचं आहे.

काळ्या ऑइलबद्दल. वापरलेलं इंजिन ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतं आणि ते फक्त अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच देता येतं. कायदा बाजूला ठेवला तरी तांत्रिक कारण पुरेसं आहे. त्यात जस्त, कॅल्शियम, फॉस्फरसची संयुगं आणि झिजलेल्या धातूचा बारीक चुरा असतो. जळल्यावर त्याची राख होते. खाद्यतेल नीट जळलं तर राख जवळजवळ राहत नाही. फ्यूएल पंपाच्या प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरलमधली (त्याचं नळकांडं) फट दोन-चार मायक्रॉनची असते. पाच मायक्रॉनच्या फिल्टरमधून निसटलेला चुरा तिथे पॉलिश पेपरसारखं काम करतो. शिवाय तो धूर तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या घरात जातो. सेंट्रिफ्यूज लावून ऑइल स्वच्छ होतं असं सांगणारे भेटतील, पण सेंट्रिफ्यूजनं कचरा निघतो, विरघळलेली संयुगं निघत नाहीत.

खाद्यतेलालाही नियम आहेत. एकूण ध्रुवीय घटक (तळून तळून तेल बिघडताना तयार होणारे पदार्थ) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल तळणीत वापरता येत नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला लागणाऱ्या व्यावसायिकाला मार्च २०१९ पासून त्याची नोंद ठेवावी लागते आणि वापरलेलं तेल अधिकृत संकलकालाच द्यावं लागतं. मामांचा खप तेवढा असेल तर त्यांना अडचणीत आणू नका. खप कमी असेल तरी कोणत्या तारखेला किती डबे घेतले हे दोघांकडे लिहिलेलं असू द्या. हे तेल पुन्हा कुणाच्या कढईत गेलं नाही याचा तोच पुरावा.

इंजिनाची निवड. सगळ्यात सोशिक म्हणजे राजकोटला बनणारं लिस्टर पद्धतीचं ६५० आरपीएमचं एक सिलिंडरचं धूड. त्यात ज्वलनाला वेळ मिळतो. तुम्ही म्हणता तो १५०० आरपीएमचा ५ एचपी सेट थेट इंजेक्शनचा, म्हणजे इंधन सरळ सिलिंडरमध्ये फवारणारा, आहे, म्हणून थंड तेलाला जास्त नखरे करतो. तेल गरम दिलं तर नीट चालतो. ३००० आरपीएमचे एअर-कूल्ड लहान सेट नकोत, तेल गरम करायला त्यांच्यात गरम पाणीच नसतं. कॉमन रेल इंजिन (खूप जास्त दाबानं, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणानं इंधन फवारणारं), किंवा जुलै २०२३ नंतरच्या सीपीसीबी ४ प्लस (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) मानकांचा नवा सेट यांना हात लावू नका. त्यांची मान्यता ठरलेल्या इंधनासाठीच असते आणि वॉरंटीही जाते.

जुना सेट घेताना एक गोष्ट हमखास बघा: कूलिंग कसं जोडलंय. शेतावर हे इंजिन बहुतेक वेळा विहिरीच्या पंपाच्या पाण्यावरच थंड केलेलं असतं. पाणी एकीकडून येतं आणि कोमट होऊन पाटात जातं. इंजिन ४५-५० अंशांवरच चालतं. डिझेलवर ते खपून जातं, खाद्यतेलावर अजिबात नाही. न जळलेलं तेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं, पिस्टनच्या रिंगा चिकटतात. म्हणून २०० लिटरचं पिंप इंजिनापेक्षा उंच ठेवून थर्मोसायफन करा, म्हणजे खालून थंड पाणी आत आणि हेडवरून गरम पाणी पिंपात. बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान ८० ते ८५ अंश राहील असा व्हॉल्व किंवा थर्मोस्टॅट लावा. थर्मामीटर पाइपात कायमचा बसवा.

आता तेल साफ करणं. नव्वद टक्के बिघाड इथेच जन्माला येतात. फरसाणाच्या तेलात बेसनाची भुकटी, हळद, मीठ आणि पाण्याचा अंश असतो. मीठ तेलात विरघळत नाही, ते त्या पाण्यात असतं, आणि खाऱ्या पाण्यानं नोझलची (इंधनाचा फवारा करणाऱ्या टोकाची) सुई गंजते. त्यामुळे पाणी काढलं की मीठही जातं.

तेल आलं की आधी मांजरपाटातून गाळा आणि ५० लिटरच्या उभ्या एचडीपीई कॅनमध्ये आठ-दहा दिवस हलवू नका. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर उन्हात झाकून ठेवलं तर काम निम्म्या वेळात होतं, कारण गरम तेल पातळ होतं आणि बेसन तळाला बसतं. कॅन तिरपा करून ओतायचा नाही. तळापासून चार बोटं वर तोटी लावा, तिच्या वरचंच तेल घ्या. खालचा साका वेगळ्या डब्यात साठवा आणि तो डबा भरला की पुन्हा निवळू द्या.

निवळलेलं तेल ६० अंशांना गरम करून एक दिवस झाकून ठेवा, तळाशी जमलेलं पाणी तोटीतून काढा. मग २५ आणि नंतर ५ मायक्रॉनच्या फिल्टर बॅगेतून, आपल्या वजनानं जाईल तसं, जाऊ द्या. पंप लावून दाब दिला तर थिजलेली चरबी आणि मऊ कण बॅगेच्या विणीतून ढकलले जातात. बॅगा, कॅन, जाळ्या पुण्यात बोहरी आळीत मिळतात. पंपाचे आणि नोझलचे सुटे भाग नाना पेठेत बघा.

पाणी गेलं की नाही याची परीक्षा घरातच होते. स्टीलची कोरडी पळी पाण्याचा थेंब नाचेल इतकी तापवा आणि तिच्यात अर्धा चमचा तेल घाला. तडतडलं तर पाणी भरपूर आहे. काठाला बारीक बुडबुडे धरले तर थोडं आहे. काहीच आवाज न होता तेल पसरलं तर कोरडं. चष्मा लावून करा. तडतडणारं तेल उघड्या भांड्यात ११० अंशांना उकळायला बरेच जण बसतात; तळाचं पाणी एकदम उसळतं आणि तेल बाहेर फेकलं जातं. ६५-७० अंशांवर ठेवून लहान पंपानं शॉवरमधून भांड्यात परत सोडत राहिलात तर चार-पाच तासांत पाणी उडून जातं. मात्र पावसाळ्यातल्या दमट हवेत हा उपाय चालत नाही. म्हणून पावसाळ्याचा साठा मेअखेरच तयार ठेवा.

आंबटपणाही मोजा. १ मिली तेल १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळून फिनॉल्फ्थॅलीनचे (रंग बदलणाऱ्या सूचकाचे) दोन थेंब टाका. लिटरला १ ग्रॅम कॉस्टिक सोडा घातलेलं पाणी एकेक थेंब सोडत गुलाबी रंग टिकेपर्यंत किती मिली लागलं ते लिहा. एक मिली म्हणजे सुमारे पाऊण टक्का मुक्त आम्ल. तीन मिलीच्या वर गेलं तर ते तेल पंपाला खातं, इंजिनाला देऊ नका.

कोणतं तेल चांगलं? पामोलिन रासायनिकदृष्ट्या बरं, कारण ते लवकर घट्ट होऊन वार्निश, म्हणजे चिकट कडक थर, धरत नाही. पण पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०-१२ अंशांवर आला की कॅनमध्ये थिजून बसतं. सोयाबीन आणि सूर्यफूल थंडीत पातळ राहतात, पण इंजिन ऑइलमध्ये उतरलं की लवकर दाटतात. शेंगदाणा मधला मार्ग. वनस्पती तूप आणि जवसाचं तेल सरळ नाकारा.

बायोडिझेल करावं का? तेलापासून मिथेनॉल आणि कॉस्टिक वापरून ते होतं, आणि जुन्या डिझेल इंजिनाला ते गरम न करताही चालतं. पण मिथेनॉल विष आहे, कातडीतूनही अंगात जातं, त्याची ज्वाला दिवसा दिसत नाही, आणि साठ्याला विषाचे व ज्वालाग्राही पदार्थांचे दोन्ही नियम लागतात. महिन्याच्या ३५ लिटरसाठी घरी हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वर्षातून चार-सहा वेळाच सेट लावणार असाल तर दुसरी टाकीही नको. चार लिटर डिझेलमध्ये एक लिटर साफ, कोरडं तेल मिसळा आणि चालवा. त्यापेक्षा जास्त प्रमाण थंड दिलं तर नोझलवर कार्बन धरायला लागतो. पातळ करायला पेट्रोल घालू नका. थोड्या पेट्रोलनंही टाकीतल्या वाफा सहज पेट घेतात.

नेमानं चालवायचं असेल तर दोन टाक्यांची पद्धत. सुरुवात डिझेलवर, इंजिन तापलं की तेलावर, बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर. कारण चिकटपणा. डिझेलचा चिकटपणा ४० अंशांना २ ते ४.५ सेंटीस्टोक; जळक्या तेलाचा त्याच तापमानाला ३५ ते ५०. ८० अंशांना तो बाराच्या आसपास येतो, तेव्हा नोझल त्याचा बारीक फवारा करू शकते.

जोडणीत बहुतेक जण एकाच ठिकाणी चुकतात. तुमचा सेट तासाला जेमतेम एक लिटर तेल खातो. एवढं तेल २५ वरून ८० अंशांना न्यायला ३० वॅट पुरतात, म्हणजे हीटर मोठा लागत नाही. गरम पाण्याच्या पाइपात बसवलेली मीटरभर स्टेनलेस नळी पुरते. पण तितक्याच पटकन ते थंडही होतं. मंद वाहणारं तेल दीड फूट उघड्या नळीत निम्मी उष्णता घालवून बसतं. म्हणून हीटरपासून पंपापर्यंतची तेलाची नळी गरम पाण्याच्या होजला बांधून दोन्हींवर एकत्र इन्सुलेशन गुंडाळा. फिल्टरचं भांडंही गरम पाण्याच्या जॅकेटमध्ये हवं.

दुसरी चूक थ्री-वे व्हॉल्वच्या, म्हणजे डिझेल आणि तेल यांत अदलाबदल करणाऱ्या तोटीच्या, जागेची. तो तेलाच्या फिल्टरच्या आधी लावला तर डिझेलवर बदलल्यावरही फिल्टरमधलं अर्धा लिटर तेल संपायला अर्धा तास लागतो, आणि माणूस पाच मिनिटांत इंजिन बंद करतो. पंपात तेलच राहतं. व्हॉल्व तेलाच्या फिल्टरच्या पुढे, पंपाला चिकटून लावा. डिझेलचा फिल्टर वेगळा. मग व्हॉल्वपासून नोझलपर्यंत जेमतेम ५० मिली उरतं आणि दहा मिनिटांच्या डिझेलनं सगळं धुऊन निघतं. इंजेक्टरच्या गळतीची बारीक नळी डिझेलच्या टाकीत परत सोडू नका, तेलाच्या टाकीत सोडा.

नळ्या १० मिमी आतल्या व्यासाच्या, स्टील किंवा स्टेनलेसच्या. तांबं आणि पितळ गरम तेलाला लवकर दाटवतात, गॅल्वनाइज्ड पाइपातलं जस्त साबणासारखा थर धरतं. साधं रबर फुगून मऊ पडतं, व्हायटन (गरम तेलात टिकणारं रबर) वापरा. तेलाची टाकी पंपापेक्षा किमान एक मीटर उंच.

चालवण्याचा क्रम असा. डिझेलवर सुरू करा, दहा-पंधरा मिनिटं लोडवर चालवा, पाणी ७५ अंशांच्या वर गेलं की तेलावर घ्या. लोड पुढे कधीही ६० टक्क्यांखाली, म्हणजे १.८ किलोवॅटखाली, जाऊ देऊ नका. रात्रभर दोन दिवे आणि पंख्यासाठी तेलावर सेट चालवणं म्हणजे इंजिनाचा घात. त्यापेक्षा संध्याकाळी दोन तास भरपूर लोड द्या: आधी बोअरची १ एचपी मोटर सुरू करून टाकी भरा, ती चालू असताना इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या चार्जिंगला आणि फ्रिज, मोटर बंद झाली की २ किलोवॅटचा गीझर. गीझर चालू असताना मोटर सुरू करू नका, सुरुवातीचा करंट पाच-सहा पट असतो आणि व्होल्टेज बसतं. मग सेट बंद, रात्र इन्व्हर्टरवर.

नोझल दर १००-१५० तासांनी काढा. तेलावर चालणाऱ्या नोझलच्या प्रत्येक भोकाभोवती कार्बनचा भोंगा वाढतो, धोतऱ्याच्या फुलासारखा. त्यानं फवारा वाकडा होऊन सिलिंडरच्या भिंतीवर पडतो. टोक लाकडी काडीनं आणि पितळी ब्रशनं साफ करा, सुईनं भोक कोरू नका. टेस्टरवर उघडण्याचा दाब तपासून घ्या. २०० बारच्या नोझलला २१०-२१५ ठेवला तर तेलाचा फवारा सुधारतो. टेस्टरच्या फवाऱ्यापुढे हात धरू नका, तो कातडीत घुसतो.

इंजिन ऑइल कंपनीनं सांगितलेल्या निम्म्या तासांत बदला. डिपस्टिकवरची पातळी कमी होण्याऐवजी वाढत असेल तर खाद्यतेल खाली उतरतंय. ऑइल बोटांत तार धरायला लागलं तर त्याच दिवशी काढून टाका, दोन दिवसांनी ते जेलीसारखं होऊन ऑइल पंपाची जाळी बंद करतं.

धूर ओळखायला शिका. तळणीच्या वासाचा पांढरा धूर म्हणजे इंजिन किंवा तेल थंड. काळा म्हणजे लोड जास्त, नोझल गळती किंवा एअर फिल्टर बंद. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. इंजिन वर-खाली सूर काढत असेल तर तेलात पाणी किंवा नळीत हवा. लोडवर हळूहळू दमत असेल तर फिल्टर भरला.

एका बिघाडाला मात्र खरोखर घाबरा. तेलावरच इंजिन बंद केलं की रात्रीत पंपात तेल घट्ट होतं आणि फ्यूएल रॅक (किती इंधन जायचं ते ठरवणारी पंपाची सरकती पट्टी) उघड्या स्थितीत अडकते. सकाळी सेट सुरू होतो, लोड काढला की गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) रॅक मागे घेऊ शकत नाही आणि इंजिन पळत सुटतं. फ्लायव्हील फुटू शकतं. म्हणून प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी रॅक बोटानं मागे-पुढे करून बघा. सहज सरकली नाही तर हँडलला हात लावू नका. हवेच्या तोंडावर दाबायला जाड रबरी पत्रा लावलेली फळी कायम जवळ टांगलेली असू द्या. इंधन बंद करून भागलं नाही तर हवा बंद केल्यावर इंजिन थांबतंच.

विजेच्या जोडणीत तडजोड नको. डबल पोल चेंजओव्हर स्विच, फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा. दोन्ही टोकांना प्लग असलेल्या वायरनं घराला पुरवठा द्यायचा म्हणजे लाइनवर काम करणाऱ्या महावितरणच्या माणसाचा जीव घेणं. तुमचे २३० व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमधून उलटे जाऊन ११,००० होतात. सेटच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग द्या. सोलर बसवलंत तर जनरेटर चालू असताना सोलर इन्व्हर्टरचा ब्रेकर पाडून ठेवा, नाहीतर तो जनरेटरलाच ग्रिड समजून उलटी वीज ढकलतो.

सेट घराबाहेर, तिन्ही बाजूंनी उघड्या शेडमध्ये. गॅलरी, जिना, तळघर नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सायलेन्सरचा पाइप घराच्या उंचीच्या वर न्या, नियमातली जादाची उंची मीटरमध्ये केव्हीएच्या वर्गमूळाच्या ०.२ पट आहे, ५ केव्हीएला अर्ध्या मीटरच्या आत. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, म्हणून दहाच्या आत बंद करा. तेलानं भिजलेल्या चिंध्या कोपऱ्यात गोळा करून ठेवू नका. सोयाबीनसारखी तेलं कापडात आपोआप तापून पेट घेतात. झाकणाच्या लोखंडी डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. पेटलेल्या तेलावर मात्र पाणी नाही, वाळूची बादली आणि फोमचा सिलिंडर.

सेट महिनाभर बंद राहणार असेल तर शेवटचा अर्धा तास निव्वळ डिझेलवर चालवा, तेलाची टाकी आणि फिल्टर रिकामे करा, आणि पंधरा दिवसांतून एकदा डिकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारी) उचलून हँडल पाच-सहा वेळा फिरवा. तेव्हाही रॅक हलवून बघा.